मोटारीच्या इंजिनातील झडपांची परीक्षा

पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण ह्या टापूत राहणाऱ्या विद्यार्थ्यास यंत्राचा आवाज परका नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा औषधांचा कारखाना निघाला, १९६६ साली टेल्कोने येथे ठाण मांडले, आणि २००९ साली चाकणास फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातून कोणी ना कोणी रोज पहिल्या पाळीला कामावर जाते. तथापि यंत्राचा आवाज ऐकणे निराळे आणि त्याचे म्हणणे समजणे निराळे. हा भेद आम्हांस आमच्याच जुन्या मोटारीने गतवर्षी शिकविला. तो पदरचे पैसे खर्चून शिकावा लागला, म्हणून बालवाचकांस व त्यांच्या पालकांस येथे फुकट सांगण्याचे योजिले आहे.

ही मोटार आमच्या तीर्थरूपांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० ह्या जातीच्या मोटारी तयार होऊ लागल्या. १९७४ पासून त्याच मोटारीस ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या ओळखीची होती. तेथील टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे व आठ झडपांचे. त्याची रचना इतकी साधी आहे की, शिकणाऱ्यास ते एखाद्या उघड्या पुस्तकासारखे वाचता येते.

तीर्थरूपांच्या पश्चात ती मोटार बरीच वर्षे उभी होती. गतवर्षी आम्ही भोसरीतील एका मिस्त्रींकडून तिच्या इंजिनाचे पुरे काम करून घेतले. सिलिंडर बोअर केले, नवे दट्टे व रिंगा घातल्या, वाकलेले हेड घासून सपाट केले, झडपा बसविल्या. गाडी घरी आली तेव्हा ती शिवणयंत्रासारखी चालत होती. परंतु सुमारे अकराशे किलोमीटर होतात न होतात तोच, उन्हाळ्याच्या सुट्टीत वाईहून पाचगणीकडे जाताना पसरणीच्या घाटात तिने दम टाकला. उभी असताना इंजिन थरथरू लागले, सायलेन्सरमधून फट्‌फट् असा तुटक आवाज येऊ लागला, आणि त्याबरोबरच बॉनेटखालून एक बारीक टिकटिक स्पष्ट ऐकू येऊ लागली. त्या टिकटिकीवरून आम्ही मनाशी निकाल देऊन टाकला की, मिस्त्रींनी झडपा ढिल्या बसविल्या. असा निश्चय करून, आणि खरे सांगावयाचे तर भांडण्याच्या तयारीने, आम्ही भोसरीस गेलो.

पुढील हकीकत कळण्यासाठी झडपा कोणते काम करतात, हे आधी समजले पाहिजे. प्रत्येक सिलिंडरास दोन झडपा असतात. कारखान्यात त्यांस व्हॉल्व्ह म्हणतात. एकीतून हवा व पेट्रोल ह्यांचे मिश्रण आत येते. दुसरीतून जळालेला वायू बाहेर जातो. दट्ट्या मिश्रण दाबीत असताना आणि ते पेटून दट्ट्यास खाली लोटीत असताना दोन्ही झडपा घट्ट मिटलेल्या असाव्या लागतात. नाहीतर दाब निसटून जातो आणि सारे श्रम वाया जातात. झडप उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. ह्या दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा फिरून वर आला की तो टॅपेटास उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या लांब काडीस उचलते, ती काडी रॉकराचे एक टोक वर ढकलते, आणि जत्रेतील लहान मुलांच्या झोक्याप्रमाणे रॉकराचे दुसरे टोक खाली येऊन झडपेस दाबते. उंचवटा सरला की स्प्रिंग झडपेस पुन्हा मिटविते. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असता प्रत्येक झडप मिनिटात दीड हजार वेळा, म्हणजे सेकंदास पंचवीस वेळा उघडते व मिटते.

ह्या साखळीत रॉकर व झडप ह्यांच्या मध्ये मुद्दाम एक फट ठेवलेली असते. ती पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कमी असते, पण तिचे महत्त्व फार आहे. धातू तापला की वाढतो. फट नसेल तर तापून लांबलेली झडप पुरती मिटणारच नाही. ही फट प्रमाणाबाहेर मोठी झाली तर रॉकर झडपेवर आपटतो व टिकटिक ऐकू येते. उलट ती नाहीशी झाली तर काहीच ऐकू येत नाही. सर्व शांत असते, आणि त्या शांततेतच झडप जळत असते.

झडप जळते म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप प्रखर उष्णतेत राबते. तिला थंड होण्याची मुख्य संधी मिळते ती मिटलेल्या क्षणी. त्या क्षणी तिची कड हेडातील बैठकीस टेकते आणि तिची उष्णता बैठकीतून हेडात व हेडातून पाण्यात उतरते. उन्हात डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्या हमालास मधूनमधून ओझे टेकावयास जागा हवी, तशी ह्या झडपेस बैठक हवी. फट संपली की झडप बैठकीपासून केसभर दूर राहते. उष्णता उतरत नाही, आणि त्या बारीक सांधीतून पेटलेला वायू झोताप्रमाणे सुटून तिची कड खाऊन टाकतो. म्हणून जुने कारागीर टिकटिकणाऱ्या झडपेस भीत नाहीत. अगदी गप्प असलेल्या झडपेची त्यांना काळजी वाटते.

आम्ही हे सर्व तेव्हा जाणत नव्हतो. मिस्त्रींच्या हाताखालची दोन मुले ऐकत असताना आम्ही त्यांस जे बोललो, ते येथे लिहिण्याजोगे नाही. मिस्त्रींनी आमचे बोलणे पुरे होऊ दिले आणि म्हणाले, “साहेब, दोष माझा असेल तर तो निघेल. पण आधी मोजू या. स्क्रूला हात लावला की पुरावा गेला.” त्यांनी खिशातून एक मळकट वही काढून आमच्या हाती दिली. ते मोजणार होते आणि आम्ही लिहून घेणार होतो.

पहिली परीक्षा कोणता सिलिंडर काम करीत नाही ह्याची. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची तार क्षणभर काढावयाची. चांगल्या सिलिंडराची तार काढली की इंजिन अधिकच अडखळते. मुळात आळशी असलेल्या सिलिंडराची काढली तर काही फरक पडत नाही. येथे विजेचा जोरदार झटका बसतो, म्हणून विद्यार्थ्यांनी हा प्रयोग स्वतः करू नये. तिसऱ्या सिलिंडराची तार काढली तेव्हा आवाज होता तसाच राहिला. विशेष हे की, टिकटिक दुसऱ्या सिलिंडराजवळून येत होती. आमच्या निश्चयास हा पहिला तडा.

दुसरी परीक्षा दाबाची. इंजिन गरम असता चारही प्लग काढावयाचे, प्रज्वलनाची मुख्य तार सोडवून ठेवावयाची, प्लगच्या भोकात दाबमापक धरावयाचा, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने इंजिन फिरवावयाचे. वहीत आम्ही आकडे लिहिले ते दर चौरस इंचास पौंडांत असे : पहिला १२५, दुसरा १२०, तिसरा ७०, चौथा १२५. तिसऱ्याचा दाब कोठूनतरी निसटत होता, हे उघड झाले. पण कोठून? रिंगांच्या बाजूने, झडपांतून की हेडखालच्या गास्केटमधून?

ह्यावर एक सोपी युक्ती आहे. सिलिंडरात चमचाभर तेल घालून दाब पुन्हा मोजावा. तेल दट्ट्याभोवती पसरून रिंगांची सांध भरते. दाब एकदम वाढला तर दोष रिंगांचा. वाढला नाही तर बहुधा झडपांचा किंवा गास्केटचा. आमचा आकडा ७० वरून ७५ झाला, अधिक नाही. दोन शेजारच्या सिलिंडरांमधील गास्केट फुटले असते तर दोघांचाही दाब बसला असता. येथे दुसरा व चौथा दोन्ही निरोगी होते. म्हणजे मिस्त्रींनी घातलेल्या नव्या रिंगा व गास्केट निर्दोष ठरण्याच्या मार्गास लागले, आणि भांडणाचा अर्धा मुद्दा आमच्याच हस्ताक्षरात नाहीसा झाला.

तिसरी परीक्षा आम्हांस सर्वांत आवडली, कारण तीत कानांचा उपयोग आहे. तिसरा दट्ट्या दाबाच्या धावेच्या अगदी वरच्या टोकास आणून, गाडी गियरमध्ये घालून व हातब्रेक ओढून, प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा आत सोडावयाची. त्या वेळी दोन्ही झडपा मिटलेल्या असावयास हव्यात. मग हवा कोठून फुसफुसते ते ऐकावयाचे. कार्बुरेटरपाशी ऐकू आली तर आत घेणारी झडप गळते. सायलेन्सरच्या टोकाशी आली तर बाहेर सोडणारी. तेल ओतण्याच्या तोंडाशी जोराने आली तर रिंगा. आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर गास्केट किंवा चिरलेले हेड. मिस्त्रींनी आम्हांस गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरला कान लावावयास सांगितले. तेथे सापाच्या फूत्काराप्रमाणे हवा निघत होती.

आता रॉकरांवरील झाकण काढले. तरीही मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. इंजिन थंड होऊ दिले. मग चौथ्या गियरमध्ये गाडी हळूहळू ढकलून इंजिन फिरवीत त्यांनी आठही झडपांची फट फीलर गेजने मोजली. हे मोजण्याचा नियम असा की, चौथ्या सिलिंडराच्या दोन्ही झडपा एकीचे मिटणे व दुसरीचे उघडणे ह्यांच्या संधीवर असतात तेव्हा पहिल्याच्या मोजाव्या. तिसऱ्याच्या तशा असतात तेव्हा दुसऱ्याच्या. आणि ह्याच्या उलटही. सहा झडपांची फट पुस्तकातील मापाहून थोडी कमी झालेली आढळली. दुसऱ्या सिलिंडराच्या आत घेणाऱ्या झडपेची, म्हणजे टिकटिकणाऱ्या झडपेची, फट मापाप्रमाणे बरोबर निघाली. आणि तिसऱ्याच्या बाहेर सोडणाऱ्या झडपेपाशी गेजचे सर्वांत पातळ पातेही शिरेना. तेथे फट मुळीच नव्हती.

मिस्त्रींनी त्या झडपेचा स्क्रू ढिला करून पुन्हा हवा सोडली. फूत्कार होता तसाच राहिला. ह्या छोट्या कृतीचे मर्म विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. स्क्रू ढिला केल्यावर गळती थांबली असती, तर झडप केवळ अडकून उघडी राहिली होती असे ठरले असते. थांबली नाही, म्हणजे झडपेस किंवा बैठकीस कायमची इजा झाली होती. हेड उतरविण्याचा खर्च आता अटळ झाला.

उतरविण्यापूर्वी त्यांनी आणखी दोन गोष्टी तपासल्या. एक, प्रत्येक पुशरॉड किती उचलला जातो हे डायल गेजने पाहिले. नव्या कामानंतर पहिल्या अर्ध्या तासात काळजी घेतली नाही, तर कॅमचा उंचवटा झिजून बोथट होतो आणि झडप पुरती उघडत नाही. म्हणूनच नवा कॅमशाफ्ट व नवी टॅपेटे घातल्यावर इंजिन लगेच मिनिटास दीड ते दोन हजार फेऱ्यांवर सुमारे वीस मिनिटे चालवितात. संथ चालीवर तेथे पुरेसे तेल उडत नाही. तेलही पाहून घ्यावे लागते. ह्या घासणाऱ्या पृष्ठांचे रक्षण करणारे जस्त व फॉस्फरसयुक्त द्रव्य आजच्या मोटारींच्या तेलात कमी असते, कारण त्याने धूर शुद्ध करणाऱ्या साधनास अपाय होतो. दुसरी गोष्ट, पुशरॉड जाड काचेवर लोळवून पाहिले. वाकलेली काडी लोळताना डुगडुगते व तिच्याखाली उजेड दिसतो. टायमिंग चेन चुकीच्या दात्यांवर बसविली आणि झडप दट्ट्यावर आदळली, तर काड्या किंवा खुद्द झडपा अशा वाकतात. आमच्या आठही काड्या सरळ होत्या आणि कॅमचे उंचवटे शाबूत होते.

हेड उतरल्यावर पाहिले तो, तिसऱ्या सिलिंडराच्या बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या कडेस नखाएवढा तुकडा जळून अर्धचंद्राकृती खाच पडली होती. असे का झाले? मिस्त्रींनी आमचे जुने बिल मागितले. बिलाच्या तळाशी त्यांच्याच अक्षरात लिहिले होते : “५०० कि.मी. नंतर हेड कसणे व टॅपेट पाहणे.” आम्ही गेलो होतो अकराशे किलोमीटरनंतर. मे महिन्याची सुट्टी, पाहुणे, दोनदा महाबळेश्वर. आज नको, उद्या नेऊ, असे करता करता ते राहून गेले होते.

पाचशे किलोमीटरचे महत्त्व असे. नवे गास्केट उष्णतेने व दाबाने बसत जाते, हेड किंचित खाली येते, आणि त्याबरोबर रॉकर कॅमशाफ्टच्या अधिक जवळ येतो. काडीची लांबी मात्र तेवढीच राहते. सबब सर्वच फटी थोड्याथोड्या मिटू लागतात. त्यात तिसऱ्या सिलिंडराची बैठक ह्या खेपेस नवीन बसविलेली होती. ही मोटार ज्या काळी आखली गेली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे मिसळीत आणि त्याचा पातळ थर झडपेच्या कडेस गादीसारखा पडे. आपल्या देशात २००० सालापासून सर्वत्र बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले. आरोग्यास ते हितकारकच झाले, कारण शिसे विषारी आहे. परंतु जुन्या मऊ बैठका त्यानंतर अधिक झिजू लागल्या. म्हणून झिजलेल्या ठिकाणी कठीण धातूची बैठक घालतात. नवी बैठक व झडप एकमेकींस रुळताना झडप थोडी आत सरकते आणि फट आणखी घटते. सहा झडपांची फट अर्धवट उरली होती. ह्या एकीची पुरती संपली. पाचशे किलोमीटरला जाऊन स्क्रू पाव फेरा फिरविला असता, तर एवढ्यावरच सर्व निभावले असते.

मग ती टिकटिक? तिचाही उलगडा झाला. रॉकराच्या टोकावर वर्षानुवर्षे झडपेची दांडी आपटून एक लहानसा खळगा पडला होता. झिजलेल्या दगडी पायरीवर फूटपट्टी आडवी ठेवली तर ती दोन्ही कडांवर टेकते व खालचा खळगा तिला कळत नाही. गेजच्या सपाट पात्याचेही तसेच झाले. पाते माप बरोबर सांगत होते, पण झडपेची दांडी त्या खळग्यात शिरत असल्याने खरी फट मोठी होती. मिस्त्रींनी तो रॉकर बोटाने चाचपला व आम्हांस दाखविला. “हा मात्र माझा दोष, साहेब. काम करतानाच हा घासून घ्यावयास हवा होता.” त्यांच्या हाताखालची मुले तेव्हाही ऐकत होती. आम्ही त्यांच्याच देखत मिस्त्रींची क्षमा मागितली. आवाज मिस्त्रींचा होता, नुकसान आमचे होते. आणि आम्ही आवाजावरून नुकसानीचा निवाडा केला होता.

पुढील काम थोडक्यात सांगतो. नवी झडप घातली, बैठक पुन्हा कातली, दोघींवर निळा रंग लावून सर्व बाजूंनी सारखे टेकते की नाही ते पाहिले, बारीक मसाल्याने झडप घासून बसविली. मग हेड उलटे धरून झडपेच्या मागील पोकळीत रॉकेल ओतले आणि कडेने थेंब पाझरत नाही अशी खात्री केली. रॉकराचे टोक घासून गुळगुळीत केले. मजुरी घेताना मिस्त्रींनी रॉकराचे पैसे लावले नाहीत, आणि झडपेचे पैसे आम्ही घासाघीस न करता दिले.

चाकणच्या कारखान्यांतून आज निघणाऱ्या पुष्कळ मोटारींत ही फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून निघते. पाचशे किलोमीटरला कोणास बोलवावे लागत नाही. तरीही दाब, गळती व उचल ह्या तीन परीक्षा त्या इंजिनांसही तितक्याच लागू आहेत. आणि परीक्षेचा क्रमही तोच : आधी बाहेरून ऐकावे, मग मोजावे, मोजलेले लिहावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि उघडून पाहणे सर्वांत शेवटी ठेवावे. ज्या विद्यार्थ्यांस पुढे आयटीआयमध्ये किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात जावयाचे आहे, त्यांनी ही वहीची सवय आतापासूनच लावून घ्यावी.

ह्या खेपेस पाचशे किलोमीटर भरले त्याच दिवशी आम्ही गाडी भोसरीस नेली. दोन झडपांची फट थोडी मिटली होती. पाव तासात काम झाले. हल्ली सकाळी थंड इंजिन सुरू केले की अगदी मंद, सारख्या तालाची टिकटिक ऐकू येते. शेजारी विचारतात, “अजून आवाज येतो वाटते?” आम्ही म्हणतो, “येतो, आणि येऊ द्या.” त्यावरून आठही झडपांची फट जागेवर आहे एवढे आम्हांस कळते.